मुक्काम पोस्ट

कराविषयी कोणी मायेने बोलल्याचे मी अजून ऐकलेले नाही. खरे म्हणजे ‘कर’ हा दोन अक्षरांचा शब्द आपल्या भाषेत मोठा भाग्यवान आहे. कर म्हणजे हात, कर म्हणजे किरण, कर म्हणजे हत्तीची सोंड, आणि कर म्हणजे सरकारदरबारी भरायचा पैसा. पहिल्या तिन्ही अर्थांवर कवींनी जीव ओवाळून टाकला. चौथ्याच्या वाट्याला मात्र नुसत्या शिव्या आल्या. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण आयकर खात्यातल्याच एखाद्या रसिकाने रचली असली पाहिजे, असे माझ्या एका सहकाऱ्याचे ठाम मत आहे. मी मराठीचा प्राध्यापक. त्या म्हणीतल्या ‘कर’चा आणि आयकराचा काही संबंध नाही हे मी त्याला व्याकरणाने पटवून देऊ शकतो. पण मार्च महिन्यात, पगारातून कापलेल्या रकमेकडे पाहताना, व्याकरण कोणाला सुचते?

अशा माझ्यासारख्या माणसाचा कराशी, आणि तोही दोन देशांच्या सीमेवर उभ्या असलेल्या कराशी, परिचय व्हावा याचे सगळे श्रेय माझ्या भाचीकडे जाते. ती सी.ए. च्या शेवटच्या परीक्षेला बसते. ‘बसते’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वर्तमानकाळात लिहिले आहे. कारण या परीक्षेला मुले एकदा बसली की बराच काळ उठत नाहीत. प्रत्येक विषयात निदान ४० गुण हवेत आणि सगळ्या गटाचे मिळून ५० टक्के हवेत. म्हणजे प्रत्येक विषयात पास होऊनही विद्यार्थी नापास होऊ शकतो! माझी भाची दुसऱ्या गटात अशी दोनदा अडखळली होती. त्या गटात पहिलाच विषय आहे ‘प्रत्यक्ष कर आणि आंतरराष्ट्रीय करआकारणी’. तिसऱ्या खेपेच्या वेळी तिच्या वडिलांनी सांगून टाकले, “हा शेवटचा. नाही झालं, तर आलेली स्थळं बघायला लागायचं.” दाजी रागीट गृहस्थ नाहीत. पण ते शेतकरी आहेत आणि पेरणी तीनदा फुकट गेली की पीक बदलावे, एवढे त्यांना कळते.

दाजींचे गाव हिवरे बाजार. नगरपासून सोळा-सतरा किलोमीटरवर. नगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नुसते नगरच. हिवऱ्याचे नाव आपल्या कानावर असेल. पर्जन्यछायेतले हे गाव. पाऊस जेमतेम तीनशे-चारशे मिलिमीटर. माझी ताई लग्न होऊन तिथे गेली तेव्हा गावातली माणसे गाव सोडत होती. डोंगर उघडे पडले होते, विहिरी कोरड्या होत्या आणि तरण्या पोरांना मुंबई-पुण्याची वाट तेवढी ठाऊक होती. पुढे १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि मग चर खणणे, झाडे लावणे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान असे एकेक होत गेले. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही, असे गावाने स्वतःच्या हाताने स्वतःला घालून घेतलेले नियम आहेत. गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. पवारांना पुढे पद्मश्रीही मिळाली. पण मला त्या गावाचे खरे कौतुक वाटते ते तिथल्या पाण्याच्या ताळेबंदाचे. पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजतात, ग्रामसभेत जमाखर्च मांडतात; आधी माणसांच्या पिण्याचे, मग गुराढोरांचे आणि उरेल ते शेतीचे. पाऊस कमी, तर पिकाचा हट्टही कमी.

अशा गावात, ज्या घरातल्या कोणी जन्मात आयकर भरला नाही (शेतीच्या उत्पन्नावर तो नसतोच), त्या घरातली मुलगी ओसरीवर बसून अमेरिका, मॉरिशस आणि केमन बेटांचे कर पाठ करत होती. आर्टिकलशिप संपल्यावर अभ्यासासाठी ती गावी राहिली आणि दर रविवारी मी स्कूटरवरून तिकडे जाऊ लागलो. मला कायद्यातले काय कळणार? पण तिचे म्हणणे असे, “मामा, हे सगळं इंग्रजीत पाठ होतं आणि इंग्रजीतच विसरतं. तुम्ही मला ते मराठीत विचारा. मराठीत सांगता आलं तर मला कळलंय असं धरते मी.” शिकवण्याच्या धंद्यात माझी वीस वर्षे गेली; परीक्षेची याहून चांगली पद्धत मला कोणी सांगितलेली नाही.

पहिल्याच रविवारी तिने मला मूळ भांडण समजावले. आपण पत्रावर ‘मु. पो.’ लिहितो. मुक्काम आणि पोस्ट. पुष्कळदा दोन्ही एकच असतात, म्हणून आपण ती दोन अक्षरे एका दमात लिहून मोकळे होतो. पण लहान वाडीचा मुक्काम वेगळा असतो आणि पोस्ट वेगळे असते. पैशाचेही तसेच आहे. माणूस राहतो एका देशात आणि त्याचा पैसा उगवतो दुसऱ्या देशात. मग कर कोणी घ्यायचा? जिथे माणसाचा मुक्काम त्या सरकारने, की जिथे पैसा उगवला त्या सरकारने? दोघेही म्हणतात, आमचा हक्क. पहिल्या महायुद्धानंतर सगळ्याच सरकारांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या आणि एकाच रुपयावर दोन-दोन हात पडू लागले होते. तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थशास्त्रज्ञांना बसवले. १९२३ साली त्यांनी आपला अहवाल दिला. त्यातले इटलीचे एइनाउदी पुढे १९४८ मध्ये आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : या माणसाचे हितसंबंध खऱ्या अर्थाने कोणत्या देशाशी जोडलेले आहेत? पुढे देशोदेशी झालेले करार याच प्रश्नाची फोड करत आले आहेत.

मी तिला म्हणालो, “यात नवीन काय? आपल्या लोकांनी हे अठराव्या शतकात केलं. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. दक्षिणेतल्या सहा सुभ्यांचा मुलूख बादशहाचा. पण चौथाईचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखीचा दहावा आमचा. सीमेपलीकडचा कर म्हणजे दुसरं काय?”

“पण त्या करारात एक कलम राहिलंच ना, मामा,” ती म्हणाली. “रयतेनं एकदाच भरावा असं कुठे होतं?”

या मुलीला मी लहानपणी बाराखडी शिकवली होती, हे मला त्या क्षणी उगीचच आठवले.

मुक्काम ठरवायचा तर दिवस मोजायचे. आपल्या आयकर कायद्याने त्यासाठी १८२ हा आकडा धरला आहे. वर्षात १८२ दिवस किंवा अधिक इथे राहिलात की तुम्ही रहिवासी. कमी दिवसांच्याही काही कसोट्या आहेत. परदेशातून घरच्यांना भेटायला येणाऱ्यांसाठी सवलती आहेत. आणि ज्यांचे इथले उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे त्यांच्यासाठी २०२० पासून ती सवलत १२० दिवसांवर आली आहे. हे सर्व तिने बोटांवर मोजून सांगितले. मूळ १९६१ चा कायदा बाजूला होऊन २०२५ साली नवा संमत झाला, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली, कलमांचे क्रमांक बदलले. जुने क्रमांक ज्यांनी रात्री जागून पाठ केले त्यांच्या दुःखाची नोंद मात्र कोणत्याच कलमात नाही.

पण या सगळ्यात मला खरी मौज वाटली ती एका तिसऱ्या जातीची. रहिवासी आणि अनिवासी यांच्यामध्ये कायद्याने आणखी एक माणूस उभा केला आहे. त्याचे नाव, ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे’! मागच्या दहा वर्षांतली नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून जास्त इथे राहिला नाही, तो या जातीत बसतो. तो राहतो इथे, पण त्याच्या बाहेरच्या कमाईकडे सरकार सहसा डोळे वटारत नाही. भाची म्हणाली, “याला मराठीत काय म्हणायचं?”

मी विचारात पडलो. चहाचे कप घेऊन ताई बाहेर आली होती. तिला सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं, ही तर माहेरवाशीण!”

खरोखर, याहून नेमका शब्द मला सुचला नसता. लग्न झालेली लेक माहेरी येते तेव्हा ती घरातलीच असते. तिचे ताट पाटावर असते, तिची जुनी पेटी माळ्यावर असते. पण तिच्या संसाराच्या जमाखर्चात माहेरचा कोणी डोके घालत नाही. ती किती दिवस राहणार हेही कोणी तोंडाने विचारत नाही, मनात मात्र मोजत असतात. माहेरवाशीण, सासुरवाशीण. आपल्या भाषेने बाईमाणसाचा मुक्काम कायद्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवला आहे. पुरुषांसाठी असे शब्द आपल्याला लागलेच नाहीत. ते आता लागू लागले आहेत, कारण आता मुलगेही घर सोडून नांदायला जातात. ताईचा थोरला मुलगा २०११ पासून अमेरिकेत आहे.

दुसऱ्या एका रविवारी आम्ही धंद्याच्या मुक्कामाकडे वळलो. परदेशी कंपनीने आपल्याकडे माल विकला तर तिच्या नफ्यावर आपण कर घ्यावा का? करार म्हणतात, तिचे इथे कायमचे ठाणे असेल तरच. या कल्पनेला कायद्याच्या पुस्तकांत ‘कायम आस्थापना’ असा एक जड शब्द आहे. मी म्हटले, “बस्तान म्हण. बस्तान बसलं की कर बसला!” तो शब्द तिला इतका आवडला की तिने तो पुस्तकाच्या समासात लिहून ठेवला. मग दाजींनी धनगरांचा दाखला काढला. मेंढ्यांचे वाडे रानोमाळ हिंडतात; एखाद्या शेतात चार रात्री वाडा बसवला तर लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. आता चार रात्री म्हणजे बस्तान का? नाही. पण तोच वाडा तिथेच चार महिने राहिला तर? भाचीने उत्तर दिले की भारत-अमेरिका करारात बांधकामाच्या जागेसाठी हा हिशेब १२० दिवसांचा आहे. दाजी म्हणाले, “म्हंजे धनगर शहाणा. तो पाऊस बघून उठतो, तुमचे साहेब तारीख बघून उठत असतील.”

मॉरिशसचे प्रकरण आले तेव्हा मात्र मी जरा सरसावून बसलो. कारण तिथे माझा विषय होता. मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपल्यावर १८३० नंतरच्या दशकात उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले. त्यात मराठी माणसेही होती. कराराचा कागद अंगठ्याने उठवून ती बोटीत चढली आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून नांदतात, गणपती बसवतात. पुढे दीडशे वर्षांनी, १९८२ साली, भारताने याच बेटाशी कराचा करार केला. त्यात शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा कर मॉरिशसने घ्यायचा असे ठरले, आणि मॉरिशस तर तो घेतच नव्हते. झाले! जगभरचा पैसा त्या चिमुकल्या बेटाचा पत्ता लावून भारतात येऊ लागला. ज्यांचे पोर्ट लुईमध्ये दाराच्या पाटीखेरीज फारसे काही नाही अशा कंपन्याही त्या वाटेने आल्या. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग कायदेशीर ठरवला. अखेर २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवर भारताचा हक्क आला. माझ्या मनात येते, एकाच बेटावर दोन प्रकारचे लोक पोहोचले. एकांनी जन्मभर तिथे घाम गाळला, तरी घरात मराठी बोलत राहिले. त्यांचा पत्ता मॉरिशसचा, पण ओढ इकडची. दुसऱ्यांनी तिथे नुसती पाटी लावली. मुक्काम कोणाचा खरा?

आणि व्होडाफोनचा खटला. तो मी दाजींना सांगावा असे ठरले, कारण दाजींना कळला तर परीक्षकालाही कळेल असे भाचीचे गणित. भारतातला मोबाईलचा मोठा धंदा हचिसनकडे होता. २००७ साली तो व्होडाफोनने घेतला. पण भारतातले काहीच विकले गेले नाही. केमन बेटांवर एक कंपनी होती, तिच्या पोटात दुसऱ्या कंपन्या होत्या आणि त्यांच्या तळाशी हा धंदा. विकला गेला तो त्या बेटावरच्या कंपनीचा शेअर. आयकर खाते म्हणाले, कर द्या. दाजींनी क्षणभर विचार केला. त्यांच्या गावात बाहेरच्याला जमीन विकायची नाही असा नियम आहे, हे मी आधी सांगितलेच आहे. ते म्हणाले, “म्हंजे शेत विकलं नाही, शेतमालकच विकला!” हजारो पानांचा खटला या माणसाने एका वाक्यात आटोपला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याच्या बाजूने कौल दिला, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने. त्याच वर्षी सरकारने मागच्या तारखेपासून कायदा बदलला आणि २०२१ मध्ये ती मागची तारीख पुन्हा मागे घेतली. यावर दाजी एवढेच म्हणाले, “आमच्या ग्रामसभेत ठराव पुढच्या हंगामापासून लागू होतो.”

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. पण कर हा शेवटी घरात शिरतोच.

दाजींच्या बांधाला लागून एक तुकडा विकायला निघाला. विकणारा गावातलाच, घेणारे दाजीही गावातलेच, त्यामुळे गावच्या नियमाची आडकाठी नव्हती. पैसे अमेरिकेतला मुलगा पाठवणार होता. दाजींच्या मनात होते की खरेदीखत मुलाच्याच नावावर व्हावे. त्याचे गावात काहीतरी असावे. भाचीने पुस्तक मिटले आणि सांगितले की मुलाने वडिलांना पाठवलेल्या पैशावर कर नाही, ती काळजी नको. परंतु परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशात राहणाऱ्याला इथली शेतजमीन विकत घेता येत नाही.

“मग त्याला कधीच मिळायची नाही?” दाजींनी विचारले.

“वारसानं मिळेल की. विकत नाही घेता येत.”

ओसरीवर कोणीच काही बोलले नाही. पैशाने जोडता येत नाही, नात्याने मिळते. पण नात्याने मिळायची म्हणजे केव्हा, ते प्रत्येकाला कळले होते. तुकडा दाजींच्या नावावर झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने सरावासाठी भावाचेच जुने कागद काढले. २०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो चुलतभावाच्या लग्नासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता, एकटाच. बायको आणि तीन वर्षांची मुलगी तिकडे. महिना सरायच्या आत विमाने बंद झाली आणि तो अडकला तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत. नऊ महिने त्याने माजघरात टेबल टाकून अमेरिकेतल्या कंपनीचे काम केले. रात्री सगळे गाव निजलेले असताना त्याच्या खोलीतून इंग्रजी बोलणे ऐकू यायचे.

आता भाचीचा हिशेब ऐका. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत १८२ हून खूप जास्त दिवस झाले, म्हणून भारताच्या कायद्याने तो त्या वर्षी रहिवासी. माहेरवाशीण जातीचा का होईना, रहिवासी. (मार्चअखेरचे अडकलेले दिवस सरकारने आधीच्या वर्षासाठी सोडून दिले होते, पुढच्या वर्षासाठी तशी सरसकट माफी नव्हती.) अमेरिकेचे मोजमाप निराळे. तिथे चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली की तुम्ही तिथले. त्या मापानेही तो तिथला. दोन्ही आया म्हणाल्या, मूल माझे. अशा वेळी करार एकेक प्रश्न विचारतो. कायमचे घर कुठे आहे? दोन्हीकडे असेल, तर जिव्हाळ्याचे संबंध कुठे अधिक आहेत? तेही ठरत नसेल, तर नेहमीचा राबता कुठे? तेही नाही, तर नागरिक कुठला? आणि काहीच जमले नाही तर दोन्ही सरकारांनी बसून ठरवावे.

ती मोठ्याने वाचत उत्तर लिहीत होती. ताई शेजारी शेंगा सोलत होती. घर दोन्हीकडे आहे. जिव्हाळ्याचे संबंध : पत्नी तिकडे, मुलगी तिकडे, नोकरी तिकडे. “सबब करारापुरता तो अमेरिकेचा रहिवासी,” असे म्हणून भाचीने खाली रेघ ओढली.

ताईचे हात थांबले. “मला ठाऊक होतंच ते,” ती म्हणाली. “तू कागदावर कशाला लिहिलंस?”

परीक्षेच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. भाची गोरीमोरी झाली. मी काहीतरी बोलावे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले, पण शब्दांचा धंदा करणाऱ्यालाही सगळ्या वेळी शब्द मिळतात असे नाही. मग तिचे तिनेच पान उलटले. “थांब आई, अजून झालं नाही. मुक्काम ठरला, पगाराचं राहिलंय.” आणि तिने पुढचे कलम काढले. पगारावरचा हक्क मालक कुठे आहे यावर ठरत नाही, काम कुठे बसून केले यावर ठरतो. १८३ दिवसांहून अधिक जर तो इथे राहून काम करत होता, तर त्या कामाच्या पगारावर पहिला हक्क भारताचा. अमेरिकेने आपल्या करातून तेवढी वजावट द्यायची. जुन्या कागदांत पाहिले, तर त्या वेळी पुण्याच्या सी.ए. नेही तसेच विवरणपत्र भरले होते.

“म्हणजे?” ताईने विचारले.

“म्हणजे त्या नऊ महिन्यांत दादानं इथे बसून जे कमावलं, ते इथलंच. सरकारनंही ते इथलंच धरलंय.”

ताईने पुन्हा शेंगा हातात घेतल्या. “नऊ महिने,” ती स्वतःशीच म्हणाली. आईच्या लेखी त्या आकड्याला दुसराही एक अर्थ असतो.

जीव तिकडचा, घाम इकडचा. आणि कराराने दोन्हीची नोंद वेगवेगळ्या कलमांत केली. कायदा रूक्ष असतो असे आपण म्हणतो. पण माणूस एकाच वेळी दोन ठिकाणचा असू शकतो, हे ज्या कायद्याने गृहीत धरले आणि त्याची दोन्ही ठिकाणी सारखीच ओढाताण होऊ नये म्हणून इतके प्रश्न ओळीने लावून ठेवले, त्याला मी रूक्ष म्हणणार नाही. आपल्या घरोघरी आता अशी माणसे आहेत. त्यांच्याशी बोलताना ‘तू आमचा की तिकडचा’ हा एकच प्रश्न आपण विचारतो आणि दोन्ही बाजूंनी दुखावून घेतो. घर कुठे, जीव कुठे, काम कुठे, असे सुटे सुटे विचारले तर पुष्कळ उत्तरे सुखाची निघतील.

परीक्षेचे काय झाले, असे आपण विचारणारच. ती पास झाली नाही. गटाच्या बेरजेत पुन्हा थोडे गुण कमी पडले. पण प्रत्यक्ष कर आणि आंतरराष्ट्रीय करआकारणी या विषयात तिला ६० हून अधिक गुण आहेत, आणि असे गुण मिळाले की पुढच्या तीन परीक्षांत त्या विषयाला बसावे लागत नाही. निकालाच्या संध्याकाळी मी हिवऱ्याला गेलो तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते. स्थळांचा विषय आज निघणार अशी भीती मला होती. दाजींनी निकालाचा कागद लांब धरून वाचला, त्या एका विषयाच्या गुणांवर बोट ठेवले आणि मला म्हणाले, “मास्तर, पाऊस कमी झाला म्हणून आम्ही शेत विकत नाही. जेवढं मुरलं तेवढं धरतो, आणि पुढचा ताळेबंद करतो. ही परीक्षा आता वर्षातून तीनदा असते ना?”

ती तीनदा असते, २०२५ पासून. भाचीने त्याच आठवड्यात पुढचा अर्ज भरला. जिला चार देशांचे मुक्कामाचे कायदे पाठ आहेत, तिने कायमच्या पत्त्याच्या रकान्यात जराही न अडखळता लिहिले : मु. हिवरे बाजार, ता. नगर, जि. अहिल्यानगर. दिवस मोजायची गरज तिला भासली नाही.